उपनगर पुन्हा जागं करायचंय? एका मोडक्या बाकापासून सुरुवात करा

इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रकं करण्यात माझी वीस वर्षं गेली. भिंतीला हात लावला की ओल आतली आहे की बाहेरची हे कळायचं. त्यामुळे लहान शहराच्या कडेच्या, कधीकाळी गजबजलेल्या आणि आता निम्मी शटरं बंद असलेल्या उपनगरात कोणी मला 'सुरुवात कुठून करायची?' असं विचारलं, की माझी नजर आधी मोडलेल्या वस्तूंवर जाते. गेली नऊ वर्षं मी रहिवाशांच्या गटांबरोबर हे काम करते आहे. काही गटांचं काम टिकलं, काहींचं दोन वर्षांत विरून गेलं. उत्साह दोघांकडे सारखाच होता. टिकलेल्यांनी काम हातात घेण्याआधीच ते पुढे कोण सांभाळणार हे ठरवलं होतं. मला सांगायचंय ते एवढंच आहे. बाकीचं, ते कसं करायचं याबद्दल.

आधी चाला, मग बोला

एक वही, पेन्सिल आणि मोजपट्टी घ्या. एकच रस्ता निवडा आणि तो चार वेळा चाला: सकाळी मुलं शाळेला निघतात तेव्हा, भर दुपारी, दिवे लागताना आणि रात्री दहानंतर. एकट्याने जाऊ नका. बरोबर एक वयस्क माणूस आणि शक्य असेल तर बाबागाडी ढकलणारं कोणीतरी असू द्या. त्यांचा वेग कुठे मंदावतो, ते कुठे फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरतात, कशाला धरून उभे राहतात, हे लिहा. धडधाकट माणसाला रस्त्याचा निम्मा दोष दिसतच नाही.

लिहिताना 'रस्ता खराब', 'अंधार असतो' असलं लिहू नका, त्याचा कोणालाच उपयोग होत नाही. 'खांब क्रमांक ४१, दिवा बंद, खालच्या डब्याचं झाकण गायब, तारा हाताला लागतील अशा' असं लिहा. दिव्याच्या खांबांवर बहुतेक ठिकाणी क्रमांक रंगवलेला असतो. तुमच्या तक्रारीत तो असला की दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला खांब शोधत फिरावं लागत नाही. फूटपाथची पायरी उंच असेल तर किती सेंटिमीटर, ते मोजा. शटर बंद असेल तर कुलपाला गंज आहे की तेल, तेही पाहा. तेल असेल तर मालक अधूनमधून येतो, आणि त्याला गाठता येईल.

माणसं कुठे बसतात हे मात्र वेगळ्या पानावर उतरवा. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून लोक कुठे थांबतात, कुठे बसतात ते तासन्‌तास पाहिलं. उत्तर ऐकायला साधं आहे: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. चौक देखणा आहे की नाही, याने तेवढा फरक पडत नाही. आणि माणसं बसली की रस्त्यावर डोळे येतात. रस्ता सुरक्षित राहतो तो तिथे सहज वावरणाऱ्यांच्या नजरेमुळे, हे शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं.

माझ्या पहिल्या वहीत बसथांब्याजवळच्या एका बाकाची नोंद आहे. बसायच्या पाच फळ्यांपैकी दोन गेलेल्या, उरलेल्या तिनांतली मधली एका टोकाला सुटून वर आलेली, आणि तिच्यातून बाहेर आलेला बोल्ट कपड्याला लागेल असा. म्हातारी माणसं बाकाशेजारी खांबाला टेकून उभी राहत. आम्ही पालिकेची लेखी परवानगी घेतली, दोन फळ्या आणि बारा बोल्ट आणले. जुनी भोकं गंजाने मोठी झाली होती, म्हणून प्रत्येक बोल्टखाली रुंद वॉशर घातला. फळ्यांच्या कडा घासून गोल केल्या, म्हणजे मांडीला टोचत नाहीत. सगळं एका दुपारीत झालं. पण त्याआधी समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी सांगितलं होतं, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाना घेऊन मी बोल्ट आवळीन. तो बाक आजही धड आहे.

काय नाही, याची यादी बाजूला ठेवा

बहुतेक गट पहिल्याच बैठकीत उणिवांची यादी करतात. बाग नाही, वाचनालय नाही, दवाखाना लांब आहे. ही यादी खरी असते, पण ती करून माणसं घरी जाताना आणखी खचलेली असतात. जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या दोघांनी अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात काम करताना १९९३ मध्ये उलटी रीत मांडली: वस्तीत जे आहे त्याची मोजदाद आधी करा. कोणाला काय येतं, कोणाकडे कुठली जागा रिकामी आहे, कुठले गट आधीपासून भेटत असतात.

मी दारोदार जाताना तीनच प्रश्न विचारते. तुम्हाला हाताने काय करता येतं? तुम्हाला कोणाला शिकवावंसं वाटतं? आठवड्यातून किती वेळ देता येईल, अगदी खरा? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'अर्धा तास' आलं तरी ते सोनं समजून लिहून घ्या. 'हवं तेव्हा बोलवा' म्हणणाऱ्यापेक्षा अर्धा तास सांगणारा माणूस हमखास येतो. एका उपनगरात असं फिरताना निवृत्त झालेले एक सर्वेक्षक भेटले. तिथल्या जमिनीखालच्या नळांचा जुना नकाशा त्यांनी घरी नीट जपून ठेवला होता. पुढे झाडं लावताना खड्डे कुठे घ्यायचे नाहीत, हे आम्हाला त्याच नकाशावरून कळलं.

भाडेकरूंना वगळू नका. 'ते काय, आज आहेत उद्या नाहीत' असं घरमालक म्हणतात. पण रस्ता रोज वापरणाऱ्यांत भाडेकरू पुष्कळ असतात, आणि मुलं तर सगळ्यांचीच असतात.

ठरवणार कोण, हे पहिल्या सभेत ठरतं

इथे मी स्वतः चुकले होते, म्हणून जरा थांबून सांगते. माझ्या पहिल्या सभेला मी रंगवलेला आराखडा घेऊन गेले. झाडं, दिवे, रंगीत फरशा, सगळं त्यात होतं. लोकांनी मान डोलावली आणि पुढच्या सभेला फक्त चौघं आली. आराखडा वाईट नव्हता, पण तो माझा होता.

बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात १९८० च्या दशकात हेच, फार मोठ्या प्रमाणावर घडलं. आगी आणि दुर्लक्ष यांमुळे तिथे सुमारे १३०० प्लॉट ओसाड पडले होते आणि बाहेरचे लोक येऊन त्यांवर कचरा टाकत होते. भाग सावरायला एक संघटना काढायचं ठरलं. सुरुवातीच्या योजनेत तिच्या निर्णय घेणाऱ्या मंडळावर संस्थांचे प्रतिनिधी जास्त होते. सभेत रहिवाशांनी विचारलं, तुमच्यापैकी इथे राहतं कोण? त्यानंतर मंडळाची रचनाच बदलली. रहिवाशांचं बहुमत आलं आणि तिथे राहणाऱ्या चार मुख्य समाजांना सारख्याच जागा मिळाल्या. १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या या संघटनेने पहिली मोहीम घेतली ती कचरा टाकण्याविरुद्ध. पुढे १९८८ मध्ये त्या भागातल्या ओसाड जमिनी संपादन करण्याचा अधिकारच तिला मिळाला, आणि तो एका रहिवासी संघटनेला मिळणं ही अमेरिकेतही फार वेगळी गोष्ट होती. कचऱ्याच्या मोहिमेतून माणसं एकत्र आली नसती, तर तो अधिकार मागायला उभं कोण राहिलं असतं?

तेव्हा सभेची तयारी अशी करा. वेळ दोन ठेवा, एक संध्याकाळची आणि एक सुट्टीच्या सकाळची, आणि विषय दोन्हीकडे तेच. खुर्च्या गोल मांडा. मंच नको, माइकही शक्यतो नको. मोठा कोरा नकाशा जमिनीवर पसरा आणि लोकांच्या हातात पेन द्या. जे सभेत बोलत नाहीत ते नकाशावर वाकून बोलतात, हे मी दर वेळी पाहिलं आहे. मुलांसाठी वेगळा नकाशा ठेवा. त्यांच्या नकाशात तुम्हाला ठाऊक नसलेल्या वाटा निघतात. इतिवृत्त एका पानाचं असू द्या आणि ते न आलेल्यांच्या दारातही पोचवा. शेवटच्या ओळीत 'कोण, काय, कधीपर्यंत' एवढंच लिहा.

मोकळा प्लॉट: इथे वेळ द्या

एकच मोठं काम घ्यायचं असेल तर मी मोकळा, ओसाड प्लॉट घ्यायला सांगेन. उपनगराचा जीव सगळ्यात जास्त तिथेच गळत असतो. गवत कमरेएवढं वाढलेलं, कडेला राडारोडा, आणि लोक तिथून जाताना पलीकडच्या फूटपाथवर जातात.

याबाबतीत आपल्याकडे नुसता अनुभव नाही, चांगला पुरावाही आहे. फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ ओसाड प्लॉट निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटातल्या प्लॉटवर कचरा काढून हिरवळ आणि झाडं लावली, दुसऱ्यातला नुसता कचरा उचलला, तिसरा गट तसाच ठेवला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हिरव्या केलेल्या प्लॉटांच्या आसपास राहणाऱ्यांत मन उदास असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४१.५ टक्क्यांनी घटलं. गरीब वस्त्यांमध्ये बंदुकीच्या हिंसेच्या घटना २९ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. आणि ज्या प्लॉटवरचा फक्त कचरा उचलला होता, तिथे लोकांच्या मनःस्थितीत लक्षणीय फरक दिसला नाही.

हे शेवटचं वाक्य मी प्रत्येक गटाला दोनदा वाचून दाखवते. एका दिवसाची सफाई मोहीम, मग सगळ्यांचा फोटो, मग तीन आठवड्यांनी पुन्हा तोच उकिरडा, असे नव्याचे नऊ दिवस पुष्कळ झाले. सफाई ही पहिली पायरी आहे, पण तिथेच थांबलात तर थांबलातच.

फिलाडेल्फियात केलं ते अगदी साधं होतं. राडारोडा काढला, जमीन समतल केली, हिरवळ लावली, मोजकी झाडं लावली आणि भोवती लाकडी खांब आणि आडव्या पट्ट्यांचं बुटकं कुंपण घातलं. हंगामात नियमित कापणी होत राहिली. कुंपणाकडे नीट लक्ष द्या. ते कमरेच्या खाली असतं, त्याला आत जायला मोकळी वाट असते, कुलूप नसतं. माणूस सहज आत जातो, पण राडारोड्याने भरलेली गाडी मागे घेऊन आत घालता येत नाही. उंच पत्र्याचं कुंपण घातलं तर आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि अडचण होती त्याहून वाढते.

आमच्या एका प्लॉटवर आम्ही क्रम असा ठेवला. जागा कोणाची, ते कागदोपत्री शोधलं. याला सात आठवडे लागले आणि तेवढे लागणारच हे धरून चाला. मालकाशी लेखी करार केला, की आम्ही सांभाळू, हक्क सांगणार नाही, आणि त्याला जागा हवी असेल तेव्हा ठरलेल्या मुदतीत मोकळी करू. मग जाड हातमोजे आणि जाड तळाचे बूट घालून सफाई केली. काचा आणि सुया हाताने उचलू नका, चिमटा वापरा आणि घट्ट झाकणाच्या कडक डब्यात टाका. अख्ख्या विटा वेगळ्या काढून रचल्या. पुढे पायवाटेची कड त्यांचीच झाली. जुन्या बांधकामाचा भराव असेल तर मातीत शिसं असू शकतं. भाजी लावायचा विचार असेल तर आधी माती तपासून घ्या, किंवा जमिनीवर वाफ्याच्या पेट्या ठेवून बाहेरची माती भरा.

हिरवळ लावून अकरा दिवस झाले असतील, एका सकाळी कुंपणाच्या वाटेपाशीच कोणीतरी फुटक्या फरशांचा ढीग ओतून गेलं. कुंपणाने गाडी आत येऊ दिली नव्हती, म्हणून ढीग तोंडाशीच होता. दोन मुली रडवेल्या होऊन बघत उभ्या होत्या. त्यांनी तिथे बी टाकलं होतं. त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, आम्ही सहा जणांनी तो ढीग उचलला. नियमच तसा केला होता: टाकलेलं चोवीस तासांत हलायला हवं. एका ढिगाच्या शेजारी दुसरा पडतो, स्वच्छ जागेवर टाकताना हात अडखळतो. महिनाभरात आणखी दोनदा टाकलं. त्यानंतर नाही.

बंद शटरं

दुकानं रिकामी असण्याचं कारण दर वेळी गिऱ्हाईक नसणं हेच नसतं. कित्येकदा मालकाला दीर्घ मुदतीचा भाडेकरू हवा असतो आणि नवख्याला तेवढी जोखीम झेपत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात मार्कस वेस्टबरी यांनी २००८ मध्ये ही गाठ नेमकी सोडवली. त्यांच्या संस्थेने मालकाकडून रिकामी जागा तात्पुरत्या परवान्यावर घेतली, तीस-तीस दिवसांनी पुढे चालणाऱ्या. मालकाला खरा भाडेकरू मिळाला की जागा परत. तोवर तिथे कलाकार, कारागीर, छोटे व्यावसायिक बसले. जागेची साफसफाई आणि देखभाल त्यांनी केली. मालकाचं काही गेलं नाही आणि रस्त्यावर उजेड आला.

तुम्ही करणार असाल तर एकाच मालकापासून करा, आणि तो मालक तुमच्या ओळखीचा असू द्या. विजेची जोडणी तपासून घ्या, विमा काढा, आत जाण्याआधीचे फोटो दोघांच्या सहीने ठेवा. दुकान पूर्ण वेळ उघडं ठेवता येत नसेल तर निदान काचेमागे काहीतरी मांडा आणि रात्री आतला दिवा चालू ठेवा.

लिव्हरपूलच्या ग्रॅनबी भागात तर शटर उघडायचीही वाट पाहिली नाही. पाडण्यासाठी रिकामी केलेली घरं रस्ताभर फळ्या ठोकून बंद होती. उरलेल्या रहिवाशांनी, त्यात बायका पुढे, त्या फळ्या रंगवल्या, दारांपुढे कुंड्या मांडल्या, रस्त्यावर बाजार भरवायला सुरुवात केली. २०११ मध्ये त्यांनी सामुदायिक भूमी न्यास, म्हणजे वस्तीच्या वतीने जमीन राखणारी संस्था, काढला आणि असेंबल या वास्तुरचनाकारांच्या गटाबरोबर घरं दुरुस्त करायला घेतली. त्या कामासाठी असेंबलला २०१५ चा टर्नर पुरस्कार, ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार, मिळाला. पुरस्कार नंतरचा. आधी कितीतरी वर्षं कोणीतरी कुंड्यांना पाणी घालत होतं.

पैसा, कागद आणि पालिका

यावर थोडक्यात. गटाचं बँक खातं वेगळं ठेवा, सह्या दोघांच्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत. दर महिन्याचा हिशेब एका पानावर लिहून सूचना फलकावर लावा, शिल्लक नगण्य असली तरी. गट पैशाच्या कमतरतेने क्वचित फुटतात, संशयाने फुटतात.

पालिकेला अर्ज देताना एका अर्जात एकच विषय घाला. पाच मागण्या एकत्र केल्या की तो कागद पाच टेबलांवर फिरतो आणि कोणाचाच होत नाही. फोटोवर तारीख असू द्या, पोचपावती घ्या, पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाने पाठपुरावा करा. काम झालं की आभाराचं पत्रही पाठवा. मी ते नेहमी पाठवते, मनापासून पाठवते. तक्रारींच्या ढिगात बसलेल्या माणसालाही कोणीतरी काम पाहिलं हे कळायला हवं. आणि तुमच्या पालिकेत लोकसहभागातून अंदाजपत्रक ठरवण्याची सोय असेल तर तिथे जरूर जा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि नंतर ती जगभर पसरली.

भाडी वाढण्याआधी

हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. उपनगर बरं दिसू लागलं की भाडी चढतात, आणि ज्यांनी राडारोडा उचलला त्यांनाच घर सोडावं लागतं. मला या कामात सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीने झाला आहे. उपाय काम सुरू असतानाच करावा लागतो. जमीन न्यासाच्या मालकीची आणि घर कुटुंबाचं, अशी विभागणी करता येते. विकताना घराची किंमत ठरलेल्या सूत्राच्या वर जात नाही, म्हणून पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. अमेरिकेत याची सुरुवात १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी झाली. बर्लिंग्टन या छोट्या शहराने १९८४ मध्ये ती रीत घरांसाठी वापरली. डडली स्ट्रीटनेही जमीन अशीच राखली. तुमच्या भागातला कायदा याला कितपत वाव देतो, हे वकिलाकडून पहिल्याच वर्षी समजून घ्या.

सांभाळण्याची वही

आता ती वही काढा, जिच्याबद्दल मी सुरुवातीला बोलले. तिच्या शेवटच्या पानांवर तक्ता आखा. एका बाजूला वस्तू: बाक, कुंपण, नळ, सूचना फलक, झाडं, एकेकटी मोजून. दुसऱ्या बाजूला प्रत्येकीसाठी दोन माणसं, कारण एक आजारी पडतं, गावाला जातं, कंटाळतं. कंटाळण्याचा हक्क सगळ्यांना द्या. सहा महिन्यांनी कामं आपोआप बदलू द्या, म्हणजे कोणाला नाही म्हणायची लाज वाटत नाही. नळाची किल्ली कोणाकडे आहे हे किमान चार जणांना ठाऊक हवं. नव्या झाडांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी लागतं, आणि कोरड्या दिवसांत त्यांना मरायला एक चुकलेला पंधरवडा पुरतो.

जे सांभाळायला दोन नावं मिळत नाहीत ते बसवू नका. कारंजं असो, शिल्प असो, देणगीत फुकट मिळालेली खेळणी असोत. एकदा एका गटाने सुंदर लाकडी घसरगुंडी नाकारली, कारण तक्त्यात तिच्यासमोर एकच नाव होतं. पाच महिन्यांनी एका सुताराने दुसरं नाव लिहिलं, आणि मग ती आणली.

त्या बसथांब्याजवळच्या बाकाची जबाबदारी आता त्या बाईंच्या नातवाकडे आहे. गेल्या वेळी गेले तेव्हा तो उकिडवा बसून चौथा बोल्ट आवळत होता, आणि बाकावर बसलेल्या आजोबांनी पाय वर उचलून धरले होते.